हिरवीगार चिंच

आप्पा, शिक्रापूरच्या पुढं ज्या साईटवर मी इंजिनिअर आहे, तिथं एक जुनी चिंच आहे. चहूबाजूंनी गोदामं उठतायत. झाड वाचवायचं म्हणून नकाशात तिला जागा ठेवली, बुंध्याभोवती पत्रे उभे केले, वर पाटीही टांगली. मग मी रजेवर असताना ड्रेनेजच्या चरासाठी जेसीबीनं पत्र्यांना लागूनच खणलं आणि पूर्वेकडची मुळं तोडून टाकली. मी परत आले तेव्हा चर बुजवून वर मुरूम दाबलेला होता. झाड हिरवंगार. फक्त एका जागी मांडीएवढ्या मुळाचं तुटकं तोंड उघडं राहिलं होतं.

ते पाहिलं आणि मांडवगणचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. तुम्ही ते वाढवायला काढलं होतं. पायाच्या खड्ड्यात कडुलिंबाचं मूळ आडवं आलं, तर तुम्ही कुऱ्हाड घेऊन उतरलात. "एका मुळानं काय हुतंय?" पुढं लिंब नेहमीसारखा फुलत राहिला. आम्ही विसरूनही गेलो. मग एका दुपारी वारं सुटतं. आई कणीक मळून हात धुवायला अंगणात येते, मी तिच्या मागं, आणि आमच्या पाठीशी चूल, भिंत, पत्रा सगळं झाडाखाली. तुम्ही शेतातून धावत आलात, आम्हा दोघींना चाचपून पाहिलंत आणि एवढंच म्हणालात, "आज न्हाई पडलं हे. म्या तवाच पाडलं हुतं."

चिंचेच्या पश्चिमेला, म्हणजे ती पडली तर जिथं पडेल तिथंच, मजुरांच्या खोल्या होत्या. मॅनेजर हसले, "मॅडम, झाड वाचवलंय की आपण. एक पान तरी वाळलंय का?" मी हटले नाही. भांडून खोल्या गेटकडं हलवल्या. फांद्या उतरवून भार कमी करायला परवानगी मागितलीय, उत्तर नाही. पण गेटकडं ऊन मी म्हणतं. एक बिहारी बाई रोज दुपारी चिंचेच्या फांदीला झोळी बांधून लेकराला निजवते. मी उठवते, ती म्हणते, "दीदी, छाँव और कहाँ है?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.

सध्या दुपारनंतर पूर्वेकडून वारं सुटतं. चिंच करकरते, उभी राहते, आणि लोक माझ्याकडं बघून हसतात.

तुम्ही गेल्यावर हे पत्र मी कुठं पाठवणार? आईलाही दाखवायची नाही. पण तुम्हाला सांगते, वारं चढलं की मी आधी झोळीकडं धावते. ती रिकामी दिसली, की मनात येतं, पड आता एकदाची.