ईश्वरी गप हाय

सोम. ५ मे
वॉर्डात पोचते तोच फोन. कोपरीची दीपाली. तिची ईश्वरी साडेचार वर्षांची, आमची जुनी पेशंट. तान्ही असताना डोक्यातलं पाणी पोटात उतरवायला आत नळी घातलेली.
"ताई, ईश्वरी गप हाय."
"ताप? उलटी?"
"काय नाय. पन भावानं खाऊ खाल्ला तिचा, तरी वरडली नाय."
ही पोरगी आणि ओरडली नाही? म्हटलं, रिक्षा पकड. काही खायला देऊ नकोस.

दुपारी निखिलने तपासलं. नवीन डॉक्टर, हुशार. "सिस्टर, उन्हाने मलूल झालीय. घरी सोडू." मी म्हटलं, स्कॅन. "आई 'गप हाय' म्हणाली म्हणून स्कॅन लिहू?" लिही. ऑपरेशनवाल्या मोठ्या सरांना मी सांगते. चिडला.
तासभर स्कॅनच्या दाराबाहेर उभी. काही निघालं नाही तर हा वर्षभर ऐकवणार.
निघालं. नळी तुंबलेली, पाणी वाढलेलं. सर धावत आले. संध्याकाळीच ऑपरेशन. निखिल थिएटरच्या दारापर्यंत स्वतः ट्रॉली ढकलत गेला.

मंगळ. ६ मे
नवी नळी बसली. निखिल डोळ्यांत टॉर्च मारायला वाकला, तर बाईसाहेबांनी चष्माच ओढला. "लाइट बंद कर, मेल्या!"
अख्खा वॉर्ड हसला. दीपाली हसता हसता रडली. मीही. निखिल चष्मा शोधतोय...

रवि. ११ मे
सुट्टी. ठाकुर्लीला घरीच. आमरस, झोप. आई विचारते, "तुला कसं गं कळलं?" मला कुठे, कळलं दीपालीला.

बुध. ११ जून
ईश्वरी तपासणीला. ठणठणीत. दीपालीचा चेहरा मात्र पडलेला. शाळेत छोट्या शिशूत नाव घातलेलं, आता मोठ्या बाई नको म्हणतायत. डोक्यात नळी, पडली-बिडली तर? सरांनी पत्र दिलेलं, उपयोग नाही. म्हटलं, मी येते शाळेत.

शुक्र. १३ जून
मोठ्या बाई चांगल्या आहेत, घाबरल्यात फक्त. टेबलावर नमुन्याची नळी ठेवली. हात लावून बघा म्हटलं. "एवढीशीच?" मग सगळं समजावलं. धावू दे, खेळू दे. डोकं दुखलं, उलटी झाली, पेंगुळली तर लगेच आईला आणि मला फोन. त्यांनी वहीत लिहून घेतलं.
तोवर ईश्वरी गायब. शेजारच्या रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली. दप्तर नाही, काही नाही.
"अगं, शाळा सोमवारी आहे," मोठ्या बाई.
"मंग मी हितंच बसते."
बाईंना हसू आवरेना. पण हो म्हणाल्या नाहीत. "बघू सोमवारी."
बाहेर आल्यावर दीपाली, "बघू म्हंजे हो का नाय, ताई?"
मलाही कळलं नाही. ती मात्र तशीच गणवेश घ्यायला गेली.