प्रियंकाच्या खड्ड्यावर हळद

चिरंजीव अजिनाथ, आईचा आशीर्वाद घे आन् आधी घोर सोड. आमी दोघी हिमाचलात सुखरूप हाय. थंडी हाय, पण मरणाची न्हाय. शेळी व्याली का?

तुजी लेक प्रियंका डोंगराच्या पायथ्यापास्नं टोकापतूर खड्डे खणून माती गोळा करती. मातीत डोळ्याला न दिसणारे जीव असत्यात. ते कुजका पाला खात्यात आन् त्यातला कार्बन हवेत सोडत्यात. वर गारठ्यानं ते सुस्त पडत्यात, म्हणून तितं कार्बन मातीतच ऱ्हातो. डोंगर तापला तर काय हुईल, ते ही शोधती.

काल वरच्या खड्ड्यावर मी हळदकुंकू वाह्यलं. भुई उकरायची, तर पाया पडाया नको? पोरगी तिच्या कालेजाच्या सरांपुढं माज्यावर कडाडली, "आज्जे, हळदीनं जीव मरत्यात! हो बाजूला!" मग गारठ्यानं खोकत खोकत दुसरा खड्डा तिनंच खणला.

तुज्या बापाची बी माज्यापुढं असं बोलायची छाती न्हवती. लई बरं वाटलं.

पोरगी एकटी कशी ऱ्हाईल म्हणून तू मला राखणीला धाडलंस. तिला राखण नको. माजं घोंगडं तेवढं तिच्यापाशी ठेवते. परतीचं तिकीट माज्या एकटीचंच काढ.

तुजी आई,
केराबाई