हरण्याच्या बरगड्या

मंगळवार, उदगीर. दिवेलागणीला.

हरण्याला आज बांधाकडेला पुरलं. माझा कारवान कुत्रा, तीन वर्षांचा.

महिनाभर वाळतच चालला होता. सुमन म्हणायची, "ओ, कुत्रं भाकर हुंगून सोडालंय. डॉक्टरला दाखवा की." मी बायकोला मोबाइलच दाखवला. त्यातला माणूस सांगत होता, अस्सल कारवानच्या बरगड्या जितक्या जास्त दिसतील तितकी जात शुद्ध. मी हरण्याच्या बरगड्या बोटानं मोजायचो. आधी तीन दिसायच्या, मग पाच. आणि खूश व्हायचो मी! वर सुमनलाच म्हणलो, "तुला जातीतलं काय कळतंय?"

काल जनावरांच्या डॉक्टरनं त्याची पापणी उलटून पाहिली. पांढरीफटक. "गोचीडताप हाय. पंधरा दिवस आधी आणला असता तर..."

सुमननं सकाळी हरण्याचं ताट घासून पालथं ठेवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात मीच त्याचा फोटो कारवानवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. आत्ता त्याखाली कुणीतरी लिहिलंय, "भाऊ, नऊ बरगड्या! एक नंबर जात. आमच्यासाठी एक पिल्लू ठेवा."

फोटो मोठा करून मी मोजल्या. नऊच होत्या.