ऐंशी मेंढे आणि शेपटीवर बसलेलं विमान

तीर्थस्वरूप वुकोसावा काकूंस,

रादोयेचा वाकून नमस्कार आणि आपल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही गालांवर मिळून तीन पाप्या. तुमचे गुडघे कसे आहेत? कोबीची पिंपं भरून झाली का? दार आणि खिडकी एकदम उघडी टाकत नाही ना? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे पत्रात तसं लिहितात म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर माझं डोकं भणाणून गेलंय. येत्या गुरुवारी विमानतळावर तिघांची समिती बसणार आहे आणि माझी नोकरी राहते की जाते ते ठरणार आहे. गावात कोणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. (फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. त्याला रिकाम्या हाताने परत धाडू नका.) आणि आधीच सांगून ठेवतो, तुमच्या लेकाचा, मिलुतिनचा यात काडीचा संबंध नाही. तो तेव्हा तिथे नव्हताच.

तर झालं असं. एप्रिलपासून आमच्या कंपनीने विमानातल्या मालाचा तोल सांभाळणारं यंत्र आणलंय. पूर्वी मी मुकादम म्हणून कागद-पेन्सिल घेऊन वजनं मांडायचो आणि माल चढत असताना एक डोळा विमानाच्या पुढच्या चाकाच्या दांड्यावर ठेवायचो. दांडा वर निघायला लागला की समजायचं, शेपटी जड होतेय, थांबा. अठ्ठावीस वर्षांत एक विमान कलंडलं नाही. आता सगळं त्या टॅबमध्ये. काय कुठे ठेवायचं ते तोच सांगतो, आणि तोल जमला की हिरवा दिवा लावतो. शिकवायला बेलग्रेडहून इंजिनियर तियानाबाई आल्या. पोरगी हुशार, पण माझ्या वयाची भीड म्हणून नाही. म्हणाली, "काका, आता डोकं चालवू नका, नुसतं बटण दाबा." मी म्हटलं, बरं झालं बाई, इतकी वर्षं चालवून तरी काय दिवे लावले!

गेल्या मंगळवारी पैदाशीचे ऐंशी मेंढे आखातात जायचे होते. आठ पिंजरे, एकेकात दहा. यंत्र म्हणालं, चार पुढे ठेवा, चार मागे. तसे ठेवले. इथवर सगळं शिस्तीत. पण पुढे माल चढवायचं मोठं दार सताड उघडं, आणि वैमानिकाने समोरच्या बाजूचं लहान दारही उघडं टाकलेलं. (परदेशी माणूस. त्यांना वाऱ्याच्या झोताचं काहीच वाटत नाही, एवढी म्हातारी कशी होतात देव जाणे.) एका दारातून शिरून दुसऱ्यातून निघणारा झोत, आणि मधोमध चाळीस मेंढे, तेही नुकतीच लोकर कातरलेले! आता तुम्हीच सांगा, काकू. तुम्हीच आम्हाला दूधभाताबरोबर भरवलंत ना, की माणूस लढाईतून वाचेल पण झोतातून नाही. मानेला लागला तर मान धरली, कमरेला लागला तर मूत्रपिंडं गेली. मग डोळ्यांदेखत मुक्या जिवांना मरू द्यायचं? तेव्हा पुढचे चार पिंजरे मागे ढकलले गेले. म्हणजे मी ढकलले. दारं लागेपर्यंत, तात्पुरते. विमानाच्या तळाला रूळ असतात, शेपटीकडे जागा मोकळी होती, सरसर गेले. (आधी कोणता ढकलला, डाव्या कडेने की उजव्या, ते आत्ता नीटसं आठवत नाही. उजव्या असावं. की डाव्या?)

यंत्राने विचारलं, आठही पिंजरे चढवले का? 'हो' दाबलं. यात खोटं काय? कुठे आहेत, असं त्याने विचारलंच नाही. लागला हिरवा दिवा. दिवा हिरवा म्हणून शेपटीखालचा टेकू काढून शेजारच्या विमानाला दिला, कारण अख्ख्या विमानतळाला टेकू एकच. मग म्हणे मागच्या पिंजऱ्यातला एक मेंढा मागे सरकला. त्याचं बघून दुसरा. शेवटी मेंढरंच ती, ऐंशीच्या ऐंशी मागे रेटली. आणि ते एवढं थोरलं विमान, पंक्तीला उशिरा आलेल्या आत्याबाईसारखं, हळूच मागे टेकलं. नाक आभाळात! शेपटीचा पत्रा चेपला, बाकी ना माणसाला खरचटलं, ना मेंढ्याला. वैमानिक मात्र वरच्या खिडकीतून डोकं काढून त्याच्या भाषेत काहीतरी बोलत होता. भाषा कळली नाही, आशय पोचला.

तियानाबाई धावत आल्या. टॅबकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, परत टॅबकडे. म्हणाल्या, "काका, यंत्राच्या हिशेबाने हे विमान सरळ उभं आहे." मी म्हटलं, "मग तसं त्याला सांगा ना, बाई." काकू, मला हे अजून उमगलेलं नाही. हिरवा दिवा चुकला, की विमान चुकलं? यंत्र म्हणतं माझं बरोबर, वैमानिक म्हणतो माझं बरोबर, आणि दोघांचं बरोबर असताना नोकरी जाणार माझी! पिंजरे हलवले कशाला, असं बाईंनी विचारलं. झोत होता, म्हटलं. शेवटी आपल्याच मातीतली पोर, चटकन गळ्याशी कॉलर आवळून बाजूला सरकली. तिला पटलं हो! पण अहवालात कारण निवडायला अकरा रकाने आहेत, आणि त्यात वाऱ्याचा झोत कुठेच नाही. "मी काय करू, काका? यंत्रात बसतच नाही," म्हणाली, आणि अगदी रडवेली झाली.

असो. गुडघ्यांना ऊब द्या. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, कोंबड्यांची विचारपूस.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
रादोये

ता. क. तुम्ही तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होता. लोकर कातरलेल्या मेंढ्याला झोताने हमखास न्यूमोनिया होतो, असं दोन ओळींत लिहून जुना शिक्का मारून पाठवाल का? शिक्का माणसांच्या दवाखान्याचा असला तरी चालेल.

ता. क. २. नको, तो कागद राहू द्या. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. तिथे नव्हतो तो मी. कॅन्टीनमध्ये बसलो होतो. परत आलो तेव्हा नाक आभाळात, आणि खाली तुमचा मिलुतिन, चेहरा पांढराफटक. मेंढ्यांची दया त्याला आली, तुमचंच लेकरू ते. त्याला इथे नोकरीला लागून वर्ष झालं नाही, घरात दोन पोरं आणि तिसरं वाटेवर. माझी दीड वर्षं उरलीत, मी काय, टोमॅटो लावीन. म्हणून त्याने तोंड उघडायच्या आत 'मी ढकलले' असं मीच तियानाबाईंना सांगून मोकळा झालो. आता तो हट्टाला पेटलाय, गुरुवारी समितीपुढे जाऊन खरं सांगणार म्हणतो. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. छप्पर गळतंय म्हणा, छातीत दुखतंय म्हणा, काहीही म्हणा, पण बुधवारीच त्याला गावी बोलावून घ्या आणि शुक्रवारपर्यंत सोडू नका. पाया पडतो.

ता. क. ३. तो माझ्याशी बोलत नाहीये. तेव्हा जेवायला वाढताना सहज, संशय न येईल असं विचारून घ्या: आधी कोणता पिंजरा, डावीकडून की उजवीकडून, आणि पिंजऱ्यांखालच्या कड्या हाताने काढल्या की पायाने. आणि लगेच ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवा. समिती खोदून खोदून विचारणार, आणि मी ते नेमकं कसं केलं, हे मला गुरुवारच्या आत कळायला हवं.