तानपुऱ्यांची जोडी फोडू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय गायन, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत असे वकील म्हणाले.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावे. त्याला सुराचा गंध नाही, पण प्रत्येक मैफलीनंतर मला न्यायला गाडी घेऊन तोच उभा असे. पुढची खोली मात्र गाण्याचीच राहील. तिथे सोफा येता कामा नये.

२. सत्कारांत मिळालेल्या सगळ्या शाली आमच्या पेटीवाल्यांना द्याव्यात. जन्मभर ते माझ्याआधी समेवर पोचत आले. एवढ्या शाली पेटीवर घातल्या तर आवाज जरा तरी दबेल. माणूस सोन्यासारखा आहे, एवढे लिहून तो विषय मिटवते.

३. आता तानपुरे. ही जोडी गुरुजींची. त्यांनी जाताना ती मला दिली, म्हणून आमचे थोरले गुरुबंधू, ज्यांना सगळे दादा म्हणतात, माझ्यावर रुसले. माझ्यामागे तरी ती आपल्या वर्गात यावी अशी त्यांची इच्छा आहे, हे मला ठाऊक आहे.

गुरुजींकडे मी परकरात असताना गेले. कित्येक दिवस त्यांनी यमनाशिवाय काही गाऊ दिले नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही यमन पाठ झाला. ते गातील तसे गायचे, प्रश्न विचारायचा नाही. ख्यालाची पहिली ओळ गाताना गुरुजी ऐन मध्यावर थांबत आणि मग समेवर येत. आम्हीही थांबायला शिकलो. टीकाकारांनी त्या थांबण्यावर लेख लिहिले. दादांच्या वर्गात आज लहान मुलेसुद्धा नेमकी तिथेच थांबतात.

माझी सून छातीच्या विकारांची डॉक्टर. लग्नानंतर हौस म्हणून माझ्याकडे शिकायला बसली आणि बघता बघता हौसेच्या पार पुढे गेली. एकदा दादा आले असताना गुरुजींचे जुने ध्वनिमुद्रण लावले होते. गुरुजी ओळीच्या मध्यावर थांबले तशी ती म्हणाली, "आई, यांना दमा होता का हो? इथे त्यांना श्वास पुरत नाहीये."

दादा अर्धा चहा टाकून उठले. "तुझी सून आता घराण्याला औषध देणार वाटतं!" असे दारातून म्हणाले, ते पुन्हा घरात आले नाहीत.

दमा होताच. पडद्यामागे फवारा घेताना दादांनी आणि मी, दोघांनीही गुरुजींना पाहिले होते. पण त्याचा त्या थांबण्याशी संबंध जोडायचे धाडस झाले नाही. त्या दिवशी मला आधी हसू आवरेना, मग रडू. श्वास पुरत नसताना त्या माणसाने समेला कधी धक्का लागू दिला नाही! पुढे सुनेने तीच ओळ एका श्वासात घेऊन सम गाठली, तेव्हा गुरुजींना कुठे जायचे होते ते मला पहिल्यांदा ऐकू आले. फार आनंद झाला.

म्हणून दोन्ही तानपुरे सुनेला द्यावेत. एक इकडे, एक तिकडे असा शहाणपणा कोणी करू नये.

४. दादांना मी काहीच ठेवलेले नाही, आणि ते मुद्दाम. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळू नये असा नियम आहे, आणि मला साक्षीदार दादाच हवेत. माझ्यामागे तिला शिकवू शकतील असे तेच उरणार. दादा, तुम्ही नाही म्हणालात तर सही दुसरा कोणीही करील, पण मग ही मुलगी घराण्याबाहेरची ठरेल. तेवढे होऊ देऊ नका.

वरील सर्व मजकूर चष्मा लावून पुन्हा वाचला, एक शब्दही बदलावासा वाटला नाही, म्हणून सही करते.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी
(सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)

साक्षीदार दुसरे: दादा (सही)
कलम तीन वाचले. पटलेले नाही. जिन्यात उभा राहून सुनेचे गाणे बरेचदा ऐकले आहे. अंतरा कच्चा आहे. उद्यापासून सकाळी सहाला माझ्याकडे पाठवावी.