अंडी फेकायच्या आधी विचारा

५ ऑगस्ट

उद्या परीक्षा.

विषय एकच उरलाय — औषधशास्त्र, तोंडी. चार वर्षं सकाळी दवाखान्यात मदतनीस नर्सची पाळी केली, संध्याकाळी नर्सिंगच्या पदवीच्या वर्गात पेंगत बसले, सगळे विषय एकेक करून काढले. आणि अडकले कुठे, तर त्या मेल्या तारेच्या पिंजऱ्यापाशी! पिंजरा फिरवायचा, आतून लाकडी गोळी पडते, गोळीवर जो आकडा असेल त्या धड्यावर बोलायचं. समोर तीन प्राध्यापक. लिहायला सांगा, पानंच्या पानं लिहीन. बोल म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. मार्चमध्ये तशीच नापास झाले.

तीनदा नापास झालं की विषय पुन्हा पहिल्यापासून, अख्खं वर्ष वर्गात बसून. शेहेचाळिसाव्या वर्षी!

काचोला — बहिणीच्या नवऱ्याला — बजावून सांगितलंय, पदवी झालेल्याच्या अंगावर फेकतात ते अंडी-पीठ घेऊन परीक्षेच्या दारात यायचं नाही. पास झाले तर मीच फोन करीन. आधी अंडी आणली की माणूस हमखास नापास होतो, हे सगळ्या अर्जेंटिनाला माहीत आहे. "बरं बरं," म्हणाला. त्याचं बरं बरं मला माहीत आहे.

६ ऑगस्ट

नापास.

७ ऑगस्ट

काल एवढंच लिहून वही मिटली. खरं काय झालं ते आज लिहिते. कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि सांगायला ही वहीच आहे.

गोळी पडली ती रक्त पातळ करणाऱ्या औषधांची. येत होतं मला! देवाशप्पथ येत होतं. दोन वाक्यं बोलले आणि बंद. तिघांतल्या इतुर्बेबाईंनी थांबून पाहिलं, पाणी दिलं, शेवटी म्हणाल्या, "डिसेंबरमध्ये या. पाठ आहे तुमचं, पण मला ऐकू यायला हवं ना." वाईट नाहीत बाई. वाईट असत्या तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या.

रडू येत होतं म्हणून तोंडावर हात धरून बाहेर पडले. आणि पायरीवर काचो! मागे दवाखान्यातली सगळी फौज. त्यानं माझे डोळे पाहिले नि बोंब ठोकली — "झाली! झाली रे पास!" 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात पीठ. डोक्यावर अंडी फुटतायत, कुणी केसांना चोळतंय, कुणी गळ्यात पाटी अडकवतंय, ओल्गाबाई — आमच्या मुख्य नर्स, कधी दात न दाखवणाऱ्या — त्यासुद्धा टाळ्या वाजवतायत. मला उचलून काचोच्या पिकअपवर मागे बसवलं आणि आमच्या गोया गावाच्या सगळ्या रस्त्यांवरून हॉर्न वाजवत मिरवलं. दुकानांतून माणसं बाहेर येऊन हात हलवत होती.

घरी पोचेपर्यंत तोंडातलं पीठ गेलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दारात बाबा उभे. ऐंशी वर्षांचा माणूस, कधी रडताना पाहिला नव्हता. माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. माझी छातीच झाली नाही.

करायला गेले काय नि झालं काय! आणि काल घाईत केस गरम पाण्यानं धुतले. अंडं शिजलं केसांत. अजून तुकडे निघतायत.

१२ ऑगस्ट

आज सांगीन, उद्या सांगीन. जितके दिवस जातात तितकं तोंड उघडणं कठीण.

दवाखान्यात सगळे 'लिसेन्सियादा' म्हणतात आता. पदवीची हाक. चार वर्षं हीच हाक ऐकायला मेले, आणि आता ती ऐकली की काळजात धस्स होतं. बाबा मात्र झुनीच म्हणतात. बरं वाटतं तेवढंच.

२१ ऑगस्ट

ओल्गाबाईंनी खोलीत बोलावलं. वाटलं, कळलं! तर म्हणाल्या, पुरुष वॉर्डची सकाळची पाळी तू सांभाळ. पदवीवालीच लागते तिथे, नियम आहे.

"माझा कागद अजून..."

"कागदाला वर्ष लागतं आपल्याकडे, मला का माहीत नाही? नाताळच्या आधी तात्पुरता दाखला तेवढा आणून दे."

नाही म्हणायचं होतं. "हो" म्हणाले. आगीतून फुफाट्यात!

आता डिसेंबरची परीक्षा हाच मार्ग. पास झाले तर कुणाला कधी कळणार नाही. नापास झाले तर सगळ्या गावाला कळेल, आणि नोकरीसुद्धा जाईल. जायलाच हवी.

२ सप्टेंबर

अरासेली आली होती, आमची सर्वांत धाकटी मदतनीस. तीही संध्याकाळच्या वर्गाला जाते, माझ्यामागे एक वर्ष. "तुम्हाला आता काय उपयोग? औषधशास्त्राच्या वह्या-पुस्तकं मला द्या ना!"

काय सांगणार! दिली. पिशवीत भरून दिली. ती गेल्यावर रिकाम्या फळीकडे बघत बसले. माझ्याच हातानं माझी परीक्षा देऊन टाकली मी.

५ सप्टेंबर

सुचलं! तिला म्हटलं, एकटी वाचू नकोस, मी शिकवते. दुपारी पाळी सुटली की आमच्या अंगणात ये, वह्या घेऊन ये. तिनं चक्क मिठी मारली. "तुमच्यासारखं माणूस नाही हो!" इतकी लाज वाटली की हातातला चिपा, आमचा तो चीजचा पाव, तसाच ताटलीत ठेवला.

१९ सप्टेंबर

शिकवणी सुरू आहे. अंगणात आंब्याखाली मी, अरासेली, आणि वेताच्या खुर्चीत बाबा, थंडगार तेरेरे, पाल्याचा तो गार चहा, नळीनं ओढत. त्यांना काय कळतं कोण जाणे, पण उठत नाहीत. अरासेली भरभर बोलते, गाडी घसरते, मग हसते. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. हिला कधी कळलं तर संध्याकाळच्या आत पाराना नदीच्या पलीकडच्या काठाला कळेल.

आज मी नुसती ऐकत होते तर बाबा मध्येच म्हणाले, "तिचंच काय ऐकतेस? तू बोल की, झुनी."

"मी कशाला? माझं झालंय."

"झालंय म्हणून तर. ऐकू दे मला. माझ्या रक्तदाबाच्या गोळीनं खोकला का येतो, सांग बघू."

बोलले. अडखळत, पण शेवटपर्यंत बोलले. समोर बाबा असले की जीभ चिकटत नाही बहुतेक.

१० ऑक्टोबर

आता रोजचंच झालंय. अरासेलीचं झालं की बाबा खुर्चीत सावरून बसतात. "हं. आता तू." मी इन्सुलिनवर बोलते, ते मान हलवतात. मधेच, "जरा मोठ्यानं, मला ऐकू येत नाही." कान चांगले तिखट आहेत त्यांचे! शेजारचा रेडिओ त्यांना इथून ऐकू येतो.

३ नोव्हेंबर

वॉर्डात एकाला गोळी देताना हात थांबला. रोज देते तीच गोळी. वाटलं, कुणीतरी मागे उभं राहून विचारील — कोणत्या हक्कानं? वळून पाहिलं, कुणी नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. मग गोळी तीनतीनदा ताडून पाहिली. सगळ्या पाळीत तेच चाललं. घरी आले तर अंग ठेचल्यासारखं.

२४ नोव्हेंबर

परीक्षेला नाव घालून आले. दुपारच्या वेळी, चोरासारखी, डोक्याला रुमाल बांधून. तारीख ११ डिसेंबर.

२५ नोव्हेंबर

अरासेली नाचत आली. तिनंही नाव घातलं! ११ डिसेंबर! तिचाही हा शेवटचाच विषय. काचो, ओल्गाबाई, सगळे येणार अंडी घेऊन. "आणि तुम्ही माझ्यासोबत यायचं, अगदी दारापर्यंत! तुमच्याशिवाय मी आत पाऊलच टाकणार नाही."

नावं दाराला लावतात. वर मोठ्यानं पुकारतात. आडनावाच्या क्रमानं — बेनितेस, म्हणजे मी, आधी; अरासेली, सारातेची पोर, कितीतरी नंतर. म्हणजे ती बाकावर बसलेली असताना माझं नाव पुकारणार.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. न जावं तर पुढची परीक्षा मार्चमध्ये, आणि ओल्गाबाईंना नाताळच्या आधी दाखला हवा.

८ डिसेंबर

माउलीचा सण. चर्चमध्ये इतातीच्या माउलीपुढे मेणबत्ती लावली. मागितलं काय, तर अरासेलीला ताप येऊ दे, त्या दिवसापुरता. मग स्वतःचीच किळस आली. ती मेणबत्ती विझवली आणि दुसरी लावली, काही न मागता.

१० डिसेंबर

तिला आज सांगणार होते. दोनदा तोंड उघडलं. दोनदा तिनंच विषय काढला — अंगात कुठले जुने कपडे घालू, अंड्याचे डाग जात नाहीत ना?

जेवण गेलं नाही. बाबांनी ताटाकडे पाहिलं. "उद्या ती बोलायच्या आधी तिला सांग, माझ्याकडे बघून बोलतेय असं धर म्हणावं." अरासेलीला सांगायला सांगितलं त्यांनी. बरं, सांगते.

११ डिसेंबर

बाकावरून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

अरासेलीनं यादी वाचली. बोट माझ्या नावावर थांबलं, पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे वळली.

"झुनिल्दा बेनितेस म्हणजे तुम्हीच?"

मान हलवली.

"मग ऑगस्टमध्ये..."

"नाही झाले गं."

"म्हणजे मला शिकवत होता ते... स्वतःसाठी?"

"दोघींसाठी." खोटं नव्हतं ते. पण आधी स्वतःसाठीच.

ती रागावली. तोंड फिरवून बसली. मला वाटलं, आता उठते आणि बाहेर जाऊन सांगते. उठली नाही. बराच वेळ झाल्यावर अर्धा चिपा माझ्या हातात कोंबला. "पुकारलं की जा. मी कुणाला बोलणार नाही." तीच ही, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही!

पुकारलं. जाते.

—

पास!! पास झाले! गोळी पडली मधुमेहाची. जीभ चिकटायला लागली होती. इतुर्बेबाईंच्या जागी वेताच्या खुर्चीत बाबा बसलेत असं धरलं आणि बोलत सुटले. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे, पुरे."

आता अरासेली आत आहे. बाहेर काचोचा हॉर्न वाजतोय. आमच्या लोकांचं हसणं इथपर्यंत ऐकू येतंय. आणि डाव्या हाताला मागचं दार सताड उघडं. तिथून निघाले तर संपलं! कुणालाही, कधीही कळणार नाही. वॉर्ड माझा, हाक माझी, सगळं खरं. उठायचं तेवढं बाकी आहे.

अरासेली आली बाहेर. तोंडावर हात. मान हलवतेय — नाही, नाही. माझ्याकडे न बघता रडत सरळ पुढच्या दाराकडे निघालीय. तिथे ते सगळे अंडी घेऊन

१२ डिसेंबर

मागच्या दारानं नाही गेले. धावत तिच्या पुढे झाले, पायरीवर आडवी उभी राहिले आणि ओरडले, "थांबा! फेकायच्या आधी विचारा! ही पास झालेली नाही. आणि ऑगस्टमध्ये मीही झाले नव्हते!" कुणाचा हात हलला नाही. ओल्गाबाई पाठ फिरवून निघून गेल्या. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, सोमवारी बोलावलंय. भीती वाटते, खूप.

अंडी तशीच घरी आली. आज सकाळी बाबांनी त्यांचं बटाटा घालून जाड ऑम्लेट केलं, ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खा, लिसेन्सियादा."

मी बघतच राहिले. ही हाक त्यांनी कधीच मारली नव्हती.

"ऑगस्टमध्ये कशी मारणार?" म्हणाले. "दारात तुझं तोंड पाहिलं होतं ना मी."