सेवकराम बॅकला खिळा का नाही?

गोंदिया, कार्तिक शुद्ध सप्तमी, सन १९३७

तीर्थस्वरूप मामाजींच्या चरणी (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) जावई गोवर्धन याचा साष्टांग दंडवत. नवेगावबांधच्या हवेने आपला गुडघा आता वळत असेल अशी आशा आहे. वैद्याने मासे वर्ज्य सांगितले आणि हवापालटासाठी आपण निवडलं ते तळ्याकाठचं गाव, यावर मी काही बोलत नाही. मामीजींचं लक्ष असेलच. इकडे सर्व क्षेम आहे. रुख्माची तब्येत ठणठणीत असून तिचा आवाज पूर्वीप्रमाणेच चार घरं ऐकू जातो. धान यंदा बरं आहे. खरं म्हणजे पत्र इथेच संपवावं, कारण रुख्माने बजावलं आहे की बाबांना रागाच्या भरात काही लिहायचं नाही. म्हणून मी आधी तांब्याभर पाणी प्यालो, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि मगच लिहायला बसलो. काही उपयोग झाला नाही. डोकं तापलेलंच आहे.

कारण आपलं विजय फुटबॉल मंडळ. मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून खोलीच्या भिंतीवर थोर खेळाडूंचे फोटो लावायचे आणि मंडईच्या जत्रेच्या दिवशी अध्यक्ष या नात्याने आपल्या हस्ते त्यांवरचा पडदा दूर करायचा, हे आपल्याला माहीत आहे. आपण इथे असतानाच ठरलं होतं. पण थोर कोण, हे आपण गेल्यावर ठरलं. सुताराने सागवानी फळीतून सात चौकटी काढल्या, म्हणून थोर खेळाडू सात. (फळी जरा आखूड निघाली असती तर दोघेजण थोर व्हायचे राहिले असते.) सभा चिटणीस दुलीचंदने चालवली. या दुलीचंदने, त्याच्या कापडाच्या दुकानात एकदा चेंडू शिरला होता तो प्रसंग सोडला, तर जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही.

निवडलेले सात असे. पहिला शालीकराम, आपला सेंटर फॉरवर्ड. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गोल त्याने खरोखरच मारले आहेत. मग दोन्ही बाजूंचे दोन फॉरवर्ड, ठीक. चौथा तो हाफ, जो बिचारा वारला. त्याच्या फोटोला हार आधीपासूनच होता, तेवढीच मंडळाची सोय. पाचवे गृहस्थ नागपूरहून पहिला चेंडू आणणारे, खेळले कधीच नाहीत. सहाव्याचा फोटो एका गोऱ्या साहेबाशेजारी उभा राहून काढलेला आहे. तो खेळत काय होता ते कोणालाच आठवेना, पण साहेब छान आला आहे. सातव्याचं पुढे लिहितो.

मी विचारलं, आणि सेवकराम? मग एका नव्या मेंबराने विचारलं, कोण सेवकराम? मामाजी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं आपल्या गोलपुढे जो माणूस पाय रोवून उभा राहिला, दुसरा बॅक दरवर्षी बदलला पण जो बदलला नाही, त्या मुर्रीच्या सेवकरामबद्दल आपल्याच खोलीत, आपल्याच सतरंजीवर बसून, आपलाच चहा पिऊन हे विचारतात कोण! दुलीचंद आपल्या बोलीत म्हणाला, "गोवर्धनभाई, उसने गोल कितने मारे?" मी म्हटलं, एकही नाही. बॅकचं काम गोल मारायचं नसतं, होऊ द्यायचा नसतो. तर तो म्हणाला, "जो हुआ ही नहीं, उसको दीवार पे कैसे टाँगें?" आणि सगळे हसले. हसले, मामाजी!

आता आपणच सांगा. आपण रोज सकाळी तळ्याचं पाणी पाहता. ते पाणी अडवणाऱ्या पाळीचं कौतुक करता का? पाळीवर बसूनच पाणी पाहता. धानाच्या बांधीत पाणी टिकलं की लोक म्हणतात पाऊस चांगला झाला, आणि बांधीच्या कडेचा धुरा फुटला की मग म्हणतात, अरे, इथे धुरा होता. हे मी सभेत सांगितलं. दुलीचंदने डब्यातलं पान काढून तोंडात घातलं, एवढाच त्याचा परिणाम.

सेवकराम कसा खेळायचा हे आपण पाहिलं आहे, पण आपण नेहमी समोरच्या गोलकडे खुर्ची मांडून बसत होता (सगळेच तिकडे बसत), म्हणून मी सांगतो. मी गोलकीपर, तेव्हा माझ्याएवढं त्याला कोणी पाहिलेलं नाही. म्हणजे त्याची पाठ. तोंडापेक्षा मला त्याची पाठच जास्त ओळखीची आहे. मॅचेस पावसाळ्यात, आणि धानाची रोपं लावायचा रोवणाही पावसाळ्यात. हा माणूस बांधीतून निघून मुर्रीहून पायी यायचा, तो चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखलेला. बाकीच्यांना मैदानात चिखल लागायचा, हा घरूनच लावून यायचा. पळताना त्याला मी फारसं पाहिलं नाही. धानात जनावर घुसू नये म्हणून माणूस जसा उभा राहतो तसा तो उभा राहायचा, आणि फॉरवर्ड अंगावर आला की तोंडाने चक्क "हुर्र, हुर्र" करायचा. डोंगरगडच्या टीमने याची रेफरीकडे तक्रार केली होती. रेफरीने सगळे नियम चाळले. हुर्र करू नये असं त्यात कुठे नव्हतं.

दोष नव्हते असं मी म्हणत नाही. चेंडू पायात आला की आपल्या माणसाला द्यावा ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरली नाही. तो चेंडू मैदानाबाहेरच्या बोडीत मारायचा. मग सगळी टीम काठावर उभी, कोणीतरी धोतर खोचून पाण्यात उतरलेलं, आणि हा निवांत कमरेवर हात ठेवून उभा. जनावर एकदा हाकललं की कुठे जातं ते राखणदाराने का पाहावं? आणि तंबाखू मळायचा तो ऐन कॉर्नरच्या वेळी, आणि तीही माझ्याच डबीतली. पण एवढ्याने माणूस थोर होत नसेल, तर साहेबाशेजारी उभं राहून तरी कसा होतो?

खरी अडचण वेगळीच आहे. शालीकरामच्या मनात जुनी अढी आहे, आणि ती सेवकरामच्या पहिल्याच मॅचची. हा किस्सा सांगून सगळे हसतात, पण त्यातला अर्थ एकालाही कळलेला नाही. सेवकराम तेव्हा नवा होता. आम्ही त्याला एवढंच सांगितलं होतं, हे दोन खांब राखायचे, यातून काही जाऊ द्यायचं नाही. त्याने राखले. अर्ध्या वेळेपर्यंत एक गोल नाही. मग शिट्टी झाली, बाजू बदलल्या, आम्ही सगळे पलीकडे गेलो आणि सेवकराम तिथेच. आम्ही हाका मारल्या. तो म्हणाला, "आपली बांधी सोडून दुसऱ्याची कायले राखू जी?" कोणाला वाटलं थट्टा करतो आहे. खेळ सुरू झाला आणि या बहाद्दराने तेच दोन खांब, जे आता डोंगरगडवाल्यांचे झाले होते, जिवाच्या कराराने राखले. शालीकराम चेंडू घेऊन जाई, की आपलाच सेवकराम हुर्र करून समोर. शालीकराम ओरडला, शिव्या दिल्या, पाया पडतो म्हणाला. चेंडू बोडीत. डोंगरगडचा गोलकीपर खांबाला टेकून हसत होता. आणि इकडे माझ्यापुढे दुसरा बॅक होता तो नसल्यातच जमा. त्या अर्ध्या वेळात मला चार गोल बसले. त्याच्याशिवाय मी गोलमध्ये उभा राहिलो तो तेवढाच काय तो वेळ.

सभेत शालीकरामने हेच काढलं. म्हणाला, "ज्यानं माह्येच गोल अडवले त्याले माह्या बाजूले टांगता का?" मी उभा राहिलो आणि म्हटलं, शालीकराम, तुला अख्ख्या मुलखात अडवणारा बॅक एकच निघाला आणि तोही आपलाच निघाला, याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं? त्या दिवशी एकाच मॅचमध्ये त्याने दोन्ही बाजू राखल्या! असा बॅक विलायतेत तरी झाला आहे का? यावर दुलीचंद म्हणाला की ठीक आहे, पण फोटो कुठे आहे? फोटोच नाही तर चौकटीत काय घालायचं?

फोटो नाही हे दुर्दैवाने खरं आहे. टीमचा एकच फोटो काढला होता. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं आणि तेवढ्यात मैदानात कोणाचा तरी बैल शिरला. आम्ही सगळे छाती फुगवून श्वास धरून उभे. सेवकरामच्याने कुठलं राहवतं! फोटोत आम्ही दहा जण आहोत आणि अगदी कडेला एक पाठ आहे, निघालेली. मी ती पाठ दुलीचंदला दाखवली. तो म्हणाला, पाठीला हार कसा घालतात?

म्हणून काल मी स्वतः सायकल काढून मुर्रीला गेलो. म्हटलं याला धरून बाजारातल्या फोटोवाल्याकडे नेतो. सेवकराम धान कापत होता. मी सगळं सांगितलं. विळा न थांबवता म्हणाला, "फोटो कायले जी? मी का मेलो?" मी म्हटलं, जिवंतांचेही लावतात. म्हणाला, "मंग लावा ना. मी का नाई म्हणून रायलो? पन आता धान सोडून येत नाई." मला वाटलं याला खरंच काही वाटत नाही, आणि मी उगाच रक्त आटवतो आहे. परत फिरलो तर त्याची बायको, शामकला, डोक्यावरचा भारा ठेवून धुऱ्यापर्यंत आली. म्हणाली, "भाऊजी, फोटो लागला तं बरं होईल जी. घरचेच पोट्टे याले हासतेत. मने, बाबा बाता मारून रायला, खेळला असता तं नाव नसतं का कुठी? आता थो सांगतच नाई. पयले रोवण्यात लय सांगे." एवढं बोलून ती भारा उचलून गेली. मामाजी, मला मुर्रीचा रस्ता नीट दिसेना. धूळ फार होती असं मी रुख्माला सांगितलं.

पंधरा वर्षं ज्याने आपल्या सगळ्यांची अब्रू राखली त्याला त्याच्याच घरात कोणी खरं मानत नाही, आणि आपण खोलीत बसून चौकटी मोजतो आहोत, याची मला लाज वाटते. राग तर आहेच. आपण अध्यक्ष आहात, आपला शब्द दुलीचंद मोडणार नाही. बाकी काय लिहू? लहानमोठ्यांस यथायोग्य सांगावे. गुडघ्याला ऊन दाखवावे. मासे खाल्ले असल्यास कळवू नये, रुख्मा पत्रं वाचते.

आपला आज्ञाधारक (पण या बाबतीत नाही),
गोवर्धन

ता. क. सातव्याचं लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहवत नव्हतं. सातवा मी आहे. दुलीचंद म्हणतो की पंधरा वर्षांत एवढे कमी गोल बसलेला गोलकीपर दुसरा नाही, आणि शिवाय नवेगावहून आपला निरोप आला की जावई भिंतीवर नसला तर मंडईत पाहुण्यांना तोंड कसं दाखवायचं. फोटो आपणच धाडला म्हणे, लग्नातला. त्यामुळे सहा खेळाडूंच्या रांगेत एक गोलकीपर बाशिंग बांधून बसला आहे. आपलं प्रेम मी जाणतो, मामाजी, पण मी पंधरा वर्षं गोलमध्ये फुटाणे खाल्ले. माझ्यापर्यंत चेंडू येऊच दिला नाही त्याने.

ता. क. दुसरा. तेव्हा खरी विनंती ही, की मला उतरवावं आणि त्या खिळ्यावर सेवकरामला लावावं, पाठ तर पाठ. मात्र रुख्माने फोटोची बातमी आपल्या मोहल्ल्यात, मामेबहिणींत आणि बांगडीवालीला देऊन ठेवली आहे, तेव्हा मला उतरवण्याचं तिला आपण स्वतः लिहावं. माझी हिंमत नाही. तेही जड जात असेल, तर आपल्या माडीवर सागवानी पाळण्याची मोडकी फळी पडून आहे. तिच्यातून आठवी चौकट सहज निघेल. (मी मोजून पाहिली.)

ता. क. तिसरा. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आज सेवकराम आधी मळून ठेवलेलं धान घेऊन गिरणीवर आला होता, त्याला मी फोटो पाहायला खोलीत नेलं. सगळ्यांपुढून तो सावकाश गेला. शालीकरामपुढे थोडा हसला. माझ्यापुढे बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "बाशिंग बांधून कदी खेळले जी तुमी?" मग तो वळला आणि माझ्या फोटोखाली, फोटोकडे पाठ करून, पाय फाकून उभा राहिला, तोंड दाराकडे. तेवढ्यात दुलीचंद आत आला, रुख्माने माझ्या फोटोसाठी ओवून दिलेला झेंडूचा हार घेऊन. तो डावीकडून गेला, सेवकराम डावीकडे सरकला. उजवीकडून गेला, सेवकराम उजवीकडे. दुलीचंद म्हणाला, "अरे भाई, हटो तो!" सेवकराम हटला नाही. उलट हळूच हुर्र म्हणाला. अर्ध्या तासाने दुलीचंद हार घेऊन दुकानात परत गेला.

माझ्या फोटोला अजून हार पडलेला नाही. मामाजी, आठव्या चौकटीचं काय ते आपण लवकर कळवावं, कारण सेवकराम उद्याही धान घेऊन येणार आहे.